संडासावरचं पाचवं डबकं

छपरातून आवाज आला तेव्हा सभागृहातल्या सगळ्यांनी एकदम वर पाहिलं, आणि वर पाहिल्यावर त्यांना छप्परच दिसलं. तरीही ते बराच वेळ बघत राहिले. काही बायका रडल्या. डॉमिनोच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी सोंगट्या खाली ठेवल्या, आणि ला सेइबिता वाडीत ही गोष्ट चमत्कारापेक्षा दुर्मीळ होती.

आवाज आला होता ओव्हिदियाच्या बाकावर; वाडी तिला मानाने दोन्या म्हणायची. फक्त तिच्याच बाकावर. शेजारच्या बाकावर कान लावून बसलेल्यांना नुसती कुजबुज, आणि त्याच्या पलीकडे तर काहीच नाही. आवाज जाडा होता, गुणगुणल्यासारखा, आणि तीन हिसक्यांत यायचा: बें… दि… स्योन.

आशीर्वाद दे.

वाडी ज्या बेटावर होती, तिथे पोरगा दारात असो, फोनवर असो की तुरुंगात, आईशी बोलताना पहिला शब्द हाच. आईने "देव तुझं भलं करो" म्हटल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. भांडायचं असलं तरी आधी आशीर्वाद मागायचा, तो घ्यायचा, मग भांडायचं. आणि पोराने मागितलेला आशीर्वाद न देता उठून जाणं हे इतकं वाईट, की तसं केलेली बाई वाडीत कुणाच्या आठवणीत नव्हती.

"देव तुझं भलं करो, आमिल्कार," ओव्हिदिया छपराला म्हणाली.

छपराने पुन्हा आशीर्वाद मागितला. तिने पुन्हा दिला. हे असं तिन्हीसांजेपर्यंत चाललं.

आमिल्कार म्हणजे ओव्हिदियाचा मुलगा. वादळात नदीने पूल नेला, तेव्हा पुलावर आमिल्कार होता. त्याची गाडी खाली दगडांत सापडली. तो सापडला नाही. त्याची बायको नेरेइदा वाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेला आता भिंती होत्या पण बाकी काही नव्हतं, त्यामुळे ती काहीच शिकवत नव्हती. ती दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. आपला नवरा छपरातून बोलतोय असं लोक म्हणत असताना बायकोला काहीतरी वाटायला हवं, हे तिला कळत होतं. तिने आत चाचपून पाहिलं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ जसा आपलाच असूनही आपला नसतो, तसं सगळं होतं.

छपराबद्दल सांगायला हवं. सभागृहाचं मूळ छप्पर वादळाने समुद्राकडे नेलं होतं. नवीन छप्पर सरकारकडून येणार होतं, आणि ते अजूनही येतच होतं. तोवर प्रत्येक घराने आपल्या पडझडीतून एकेक पत्रा दिला, आणि ते सगळे रिवेट मारून एकमेकांना जोडले. त्यात फ्रिजचे दरवाजे होते, वॉशिंग मशीनच्या बाजू होत्या, 'पुढे शाळा आहे' अशी पाटी होती, आणि निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराचा हसरा चेहरा होता. पाऊस आला की आधी त्याच्या डोळ्यातून गळायचं. नेरेइदाच्या घराने आमिल्कारच्या गाडीची एक बाजू दिली होती. 'आमिल्कार, फ्रिज दुरुस्ती' आणि खाली फोन नंबर. बसवताना अक्षरं आभाळाकडे झाली. देवाचा फ्रिज बिघडला तर सोय झाली, असं कुणीतरी म्हणालं होतं.

पत्र्यावरचं ते नाव नेमकं ओव्हिदियाच्या बाकाच्या वर होतं. आणखी कुणाला पुरावा हवा होता?

कुणाला हवा असलाच, तर तो द्यायला एलिउतेरिओ होता; प्रार्थनेचा माणूस म्हणून लोक त्याला भाऊ म्हणायचे. वादळापूर्वी तो दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचा. वादळानंतर पाणीच राहिलं नाही, तेव्हा तो मेलेल्यांचे निरोप आणून देऊ लागला. पांढराशुभ्र, इस्त्री केलेला शर्ट. वीज नसलेल्या वाडीत इस्त्री केलेला शर्ट हाच मुळात अर्धा चमत्कार होता.

"आत्म्याला यायला रस्ता लागतो," तो सांगायचा, "आणि रस्त्याला लागतं पेट्रोल."

लोक डबे घेऊन यायचे. एलिउतेरिओ पैसे घेत नसे. पैशाला हात लावला तर आत्मे रुसतात म्हणे. पेट्रोलला लावला तर रुसत नसत. सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात जाड पडद्याआड वाडीचा जनरेटर होता, तिथे तो "प्रार्थनेला" जाऊन बसायचा, आणि मग कुठल्या ना कुठल्या बाकावर आवाज उमटायचा. एकदा पाववाल्याच्या बाकावर आला; ती त्याची बायको निघाली. एकदा चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईच्या बाकावर. एकदा थेट डॉमिनोच्या टेबलावर आला, आणि तिथल्या चौघांपैकी एकाच्याही घरी नुकतं कुणी मेलेलं नव्हतं. एलिउतेरिओने जरा वेळ डोळे मिटले आणि तो सार्वजनिक आत्मा असल्याचं जाहीर केलं. चौघांनी मिळून आशीर्वाद देऊन टाकला.

जनरेटर वाजत असेल ना, कुणालाच कसा ऐकू आला नाही, असं लांबच्या माणसाला वाटेल. पण वादळापासून त्या बेटावर घराघरात एक जनरेटर घुरघुरत होता, दिवसाही आणि रात्रीही. लोकांचे कान त्या आवाजाला मेले होते. नेरेइदाचं तर बाकी सगळंच मेलं होतं, त्यामुळे कानांची वेगळी दखल तिने घेतली नाही.

दखल घेतली ती ओव्हिदियाच्या पायांची. ते सुजत होते.

ओव्हिदियाच्या किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलची गाडी यायची आणि तिला खालच्या शहरात डायलिसिसला न्यायची. वादळातही, झाडं तोडत का होईना, गाडी आली होती. आता गाडी यायची, हॉर्न द्यायची, आणि रिकामी परत जायची. कारण गाडीच्या वेळेला नेमका आमिल्कार आशीर्वाद मागत असायचा.

"एलिउतेरिओ म्हणतो, एकदा आशीर्वाद चुकला तर तो परत येणार नाही," ओव्हिदिया म्हणाली.

"तुम्ही गेला नाहीत तर तुम्हीही राहणार नाही, दोन्या," नेरेइदा म्हणाली.

"मग तर भेटच होईल."

हॉस्पिटलच्या गाडीचा ड्रायव्हर मोंचो हा अवाढव्य आणि हळू बोलणारा माणूस. त्याने नेरेइदाला बाजूला घेऊन सांगितलं की दोन फेऱ्या बुडल्यात, तिसरी बुडाली तर पाणी फुप्फुसात चढेल. त्याने अशी माणसं नेली होती, बसून नेली होती आणि आडवी आणली होती. शनिवारी सकाळी येतो, म्हणाला. मग त्याने विचारलं, फोन चार्ज करायला कुठे जागा आहे का.

शुक्रवारी धो धो पाऊस झाला, आणि उघडल्यावर नेरेइदा झाडू घेऊन छपरावर चढली. त्यात शोधबिध काही नव्हता. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून प्रत्येक घराला छपराची पाळी होती, आणि तिची पाळी आली होती. रडता येत नसलं तरी झाडता येतं.

छप्पर तसं सपाट, त्यामुळे डबकी पडली होती. पहिलं डबकं तिने आमिल्कारच्या नावावर पाहिलं. गाडीचा पत्रा पातळ. आपल्याच वजनाने तो जरासा खचला होता, आणि 'फ्रिज दुरुस्ती'वर घोटाभर पाणी होतं. तिने झाडू लावला. मग थांबली. खाली तिथेच ओव्हिदियाचा बाक होता.

ती पुढच्या डबक्याशी गेली. कडेवरून खाली डोकावली, खांब मोजले. पाववाल्याचा बाक. तिसरं पेटीवाल्या बाईचा. चौथं डॉमिनोचं टेबल, सार्वजनिक आत्म्यासकट.

नेरेइदा ओल्या छपरावर बसली. कॉलेजात तिच्या वर्गाला एक बाई शिकवायच्या, त्यांनी एकदा वर्गात ठिगळं लावलेला पत्रा आणून वाजवला होता. ठिगळांच्या पत्र्यात थरथर पसरत नाही, ती कुठेतरी एका जागी अडकून बसते. कुठे अडकेल हे पत्र्याकडे बघून सांगता येत नाही. मोठमोठ्या लोकांनी त्यावर डोकं खाजवलं होतं. पण बाईंनी सांगितलेली युक्ती फारच साधी होती. पत्र्यावर सगळीकडे सारखं वजन टाका. जिथे तो सगळ्यात जास्त वाकेल, तिथे लाट कोंडली जाईल. वर्गाला ते पटलं नव्हतं. मग बाईंनी पत्र्यावर वाळू पसरून दाखवलं होतं, आणि वर्गाला तरीही पटलं नव्हतं, पण परीक्षेत आलं म्हणून पाठ झालं होतं.

वादळ सगळ्यांवर सारखंच पडलं, तिच्या मनात आलं. वाकलं कोण कुठे, ते आता दिसतंय. मग तो विचार तिने ओल्या पानांबरोबर झाडून खाली टाकला, कारण त्याचा डास मारायला उपयोग नव्हता.

ती उठली तेव्हा तिला पाचवं डबकं दिसलं. मागच्या दुसऱ्या कोपऱ्यात, सगळ्यात उथळ. तिने खाली पाहिलं. खाली संडास होता.

बाकीची चार तिने झाडली; पाचवं डबकं उद्याच्या खुणेसाठी तसंच ठेवलं.

शनिवारी सकाळी सभागृह भरलेलं होतं, कारण एलिउतेरिओने आमिल्कार येणार असल्याचं आदल्या दिवशीच कळवलं होतं. ओव्हिदिया बाकावर बसली होती, पाय पाटावर. चपला आता पायात जात नव्हत्या. ती बोलताना मध्ये मध्ये श्वासासाठी थांबत होती. बाहेर मोंचोने गाडी लावली आणि हॉर्न दिला. छपराने लगेच आशीर्वाद मागितला.

"देव तुझं… भलं करो," ओव्हिदिया म्हणाली.

एलिउतेरिओ पडद्याआडून कपाळ पुसत आला. नेरेइदाने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, पुढचा आवाज कुठे येणार.

"आत्मा म्हणजे काही बस नाही, पोरी, थांबे सांगून यायला."

"मी सांगते. संडासात येणार."

हसू पसरलं. पाववाला म्हणाला, नवरा गेल्यापासून बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही. एलिउतेरिओने हात वर केले आणि अत्यंत दुःखी चेहरा केला. तो चेहरा त्याला फिल्टर विकतानाही उपयोगी पडला असणार. पवित्र आत्म्यांची अशी टिंगल झाल्यावर आता ते महिनाभर तरी रुसतील, तो म्हणाला, आणि त्यांची समजूत काढायला किती पेट्रोल लागेल हे सांगता येत नाही.

या क्षणी मोंचो आत आला. त्याच्या हातात फोन होता आणि वायर होती.

"प्लग कुठाय?" त्याने विचारलं.

त्या दिवसांत बेटावर कुणाला पाणी नाकारलेलं चालायचं, चार्जिंग नाकारलेलं चालत नसे. एलिउतेरिओने तोंड उघडलं, पण त्यातून काही निघायच्या आत मोंचोने पडदा बाजूला सारला, आणि तो आकाराने असा होता की पडदा त्याच्याबरोबर दांडीसकट खाली आला.

मागे जनरेटर होता. चोरीच्या भीतीने कुणीतरी तो सुरुवातीलाच छपराच्या लोखंडी खांबाला बोल्ट मारून पक्का केला होता. गादी गुंडाळून त्याचा आवाज दाबलेला. आणि इंजिनाचा वेग कमीजास्त करायच्या, रेसच्या तारेवर नेलपॉलिशच्या चार खुणा: लाल, गुलाबी, नारिंगी, आणि चमकीवाली.

मोंचोने फोन चार्जिंगला लावला.

नेरेइदा पुढे गेली आणि तिने तार धरली. चमकीवाल्या खुणेपर्यंत ओढली. डॉमिनोच्या टेबलावर सार्वजनिक आत्मा आला. चौघांपैकी एकाने सवयीने आशीर्वाद दिला आणि मग इकडेतिकडे पाहिलं. मग ती चमकीच्याही पुढे गेली. तिथे खूण नव्हती, कारण इतक्या रेसवर पेट्रोल फार जळतं आणि एलिउतेरिओ आत्म्यांच्या बाबतीत काटकसरी होता. इंजिन किंचाळलं. टेबलावरचा आवाज विरला. पाववाल्याने हसायला तोंड उघडलं, आणि बंद दाराच्या संडासातून जाडा, घोगरा आवाज आला:

बें… दि… स्योन.

मग आतून दुसरा आवाज आला.

"देव तुझं भलं करो, बाळा. पण जरा थांब, मी बसलोय."

तो डॉन चेओ होता. डॉन हा तिथे मानाचा शब्द. चेओने आयुष्यात माशीसुद्धा मारली नव्हती. तो पँट सावरत बाहेर आला तेव्हा अख्खी वाडी त्याच्याकडे बघत होती. आत कोण होतं, त्याला विचारलं. कोण ते नाही कळलं, तो म्हणाला, पण पोरगं नम्र होतं.

तेव्हा मात्र हसू फुटलं ते आवरेना. पेटीवाल्या बाईला उचकी लागली. एलिउतेरिओ म्हणाला की आत्मे भरकटतात, वादळाने त्यांचाही रस्ता मोडलाय. कुणीतरी म्हणालं, मग रस्त्यासाठी घेतलेलं पेट्रोल परत द्या. नेरेइदा हसली नाही. तिने खडू घेतला आणि जमिनीवर पाच गोल काढले.

"पत्रा सगळीकडे सारखा असता," ती वर्गात बोलायची तशा आवाजात म्हणाली, "तर थरथर सगळ्या छपरावर पसरली असती आणि कुणाच्याच वाट्याला आली नसती. आपलं छप्पर म्हणजे गोधडी आहे. कुठे जाड, कुठे पातळ. थरथर खांबातून वर चढते, प्रत्येक सांध्यावर थोडी पुढे जाते, थोडी मागे फिरते. गेलेल्या आणि फिरलेल्या लाटा एकमेकींना मारून टाकतात. शेवटी एका खळग्यात कोंडलेली तेवढी उरते. रेस बदलली की खळगा बदलतो. जिथे पाणी खोल, तिथे कमी रेस. जिथे उथळ, तिथे जास्त. मी काल वर डबकी पाहिली म्हणून मला संडास कळला. चमत्कारात कुणाला सांगता येतं का, पुढचा कुठे येईल?"

"पण ते शब्द?" पाववाल्याने हळूच विचारलं. त्याला बायको इतक्या सहज सोडायची नव्हती. "शब्द कोण बोलतं?"

मोंचोने वाकून इंजिनाकडे पाहिलं. "कार्बोरेटरमध्ये कचरा आहे," तो म्हणाला. "इंजिन गुदमरतंय. तीन झटके देतं. बाकी तुमचे कान."

पाववाला खाली बसला. एलिउतेरिओ एवढ्यात दारापर्यंत पोचला होता, हातात पेट्रोलचा डबा. एक म्हणायला हवं, तो पूर्ण खोटं कधीच बोलला नव्हता. आवाज खरोखर पेट्रोलवर चालत होता.

"आणि माझा?" ओव्हिदिया म्हणाली.

तिने बाकावर हात ठेवला.

"माझ्या बाकावरचा लाव."

नेरेइदाच्या बोटांत तार होती. तिने ती लाल खुणेवर आणली. सगळ्यात हळू रेस, सगळ्यात खोल डबकं. नवऱ्याचं नाव वरून दाबलं जात असल्यासारखं छप्पर घुमलं: बें… दि… स्योन. ओव्हिदियाचे ओठ आपोआप हलले. ती वर बघत नव्हती. ती नेरेइदाच्या हाताकडे बघत होती.

नेरेइदाने इंजिन बंद केलं.

वादळापासून पहिल्यांदाच त्या सभागृहात काहीही वाजत नव्हतं. पडलेल्या उमेदवाराच्या डोळ्यातून कालच्या पावसाचं पाणी टपकत होतं, ते ऐकू आलं.

"तो असा मागायचाच नाही," ओव्हिदिया म्हणाली. दम खात खात. "त्याला नेहमी घाई. कुणाचा तरी फ्रिज उघडा टाकून आलेला असायचा. नुसतं 'स्योन' म्हणायचा. अर्धाच. मी ओरडायचे, पुरता माग म्हणून." ती थांबली. "पहिल्याच दिवशी मला कळलं होतं, हा तो नाही."

"मग बसलात कशाला, दोन्या?"

"कुणीतरी मागत होतं ना, पोरी. घरात आता कोण मागतं?"

नेरेइदाने तार सोडली. आमिल्कार असताना रोज सकाळी कॉफी गाळताना ती सासूकडे आशीर्वाद मागायची, आणि तो गेल्यापासून तिने एकदाही मागितला नव्हता. ठरवून नव्हे. तोंडाला ते सुचलंच नव्हतं. कॉफी ती अजून गाळत होती.

ती ओव्हिदियापुढे जाऊन उकिडवी बसली. त्या सुजलेल्या पायांवर बोट ठेवलं की खळगा पडत होता आणि तसाच राहत होता.

"स्योन, दोन्या," ती म्हणाली.

"पुरतं माग."

"बेंदिस्योन."

"देव तुझं भलं करो," ओव्हिदिया म्हणाली. "आता उठव मला. तो ड्रायव्हर फोनसकट निघून जायचा."

मोंचोने तिला उचलूनच नेलं. गाडीत ती खिडकीशी बसली, नेरेइदा शेजारी. वळणावर नेरेइदाच्या लक्षात आलं की आपण रडतोय. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही, पण ते होत होतं, आणि ओव्हिदियाने रुमाल न देता बाही पुढे केली.

जनरेटर आता दवाखान्याच्या फ्रिजला जोडलाय, त्यात लोकांचं इन्सुलिन आहे, आणि कार्बोरेटर साफ केल्यापासून तो कुणाकडेही काही मागत नाही. एलिउतेरिओ पलीकडच्या वाडीत असल्याचं कानावर येतं. तिथलं छप्पर ताडपत्रीचं आहे, तेव्हा त्याला नवीन काहीतरी शोधावं लागेल. तो शोधेल. डॉन चेओ अजूनही संडासाला जाताना आत शिरल्याबरोबर एकदा आशीर्वाद देऊन ठेवतो. न दिल्याने कुणाचं भलं झालंय, असं विचारतो.

तेव्हा गेलेल्या माणसाला आशीर्वाद द्यायचा असेल तर खुशाल द्यावा, त्याला पत्रा लागत नाही आणि पेट्रोलही लागत नाही. पण जिथे कुणी मध्ये बसून डबा पुढे करतो, तिथे आधी पडदा बाजूला सारावा, खांबाला हात लावून पाहावा, आणि पुढचा आवाज कुठे येईल ते विचारावं. आणि बाहेर गाडी हॉर्न देत असेल, तर हे सगळं नंतर. आधी गाडीत बसावं.